मधली दीडशे पाने

एका बाजारगावात धान्याची आणि भांड्यांची दुकाने ओळीने होती, आणि त्या ओळीत पुस्तकांचे एकच दुकान होते. ते निळकंठ बुरांडे यांचे. अशा ठिकाणी पुस्तके विकून कोणी टिकेल असे सुरुवातीला कोणालाच वाटले नव्हते. खुद्द बुरांडेंनाही नाही. तरी ते टिकले, आणि टिकले ते एका शिस्तीमुळे.

दुकानातील निवडक पुस्तकांत बुरांडे एक पिवळी चिठ्ठी घालून ठेवत. पुस्तकात काय आहे, ते कोणाला आवडेल आणि वाचताना दम कुठे लागेल, एवढे चिठ्ठीवर त्यांच्या नीटस अक्षरात लिहिलेले असे. ‘पहिली तीस पाने चढणीची आहेत, पुढे सपाटी आहे,’ असे एकीवर. ‘एसटीत वाचू नये, उतरायचे गाव मागे राहील,’ असे दुसरीवर. सगळ्यांत खाली दोनच शब्द: ‘पूर्ण वाचले.’ त्याखाली सही. शेवटच्या पानापर्यंत गेल्याशिवाय बुरांडे ते दोन शब्द लिहीत नसत, आणि ते दोन शब्द लिहिल्याशिवाय चिठ्ठी पुस्तकात जात नसे.

ज्यांना पुस्तकांच्या दुकानाची पायरी चढायचा संकोच वाटे, अशी माणसे या चिठ्ठ्यांच्या भरवशावर आत येत. दवाखान्यातला कंपाउंडर येई, ब्लाउज शिवणाऱ्या बाई येत, एसटीचे वाहक येत. “आम्हाला काय कळणार त्यातलं?” असे कोणी म्हटले की बुरांडे म्हणत, “दहा पानं वाचून बघा. नाही कळलं तर तुमची नाही, लेखकाची चूक.” हे बोलणे शंभर टक्के खरे नव्हते, पण त्याने माणूस दहा पाने वाचत असे, आणि पुष्कळदा अकरावेही.

गोदाक्का भोईटे अशाच आल्या. गावात त्यांची पिठाची गिरणी होती. शिक्षण सातवीपर्यंत. भाचीसाठी वह्या घ्यायला म्हणून त्या दुकानात शिरल्या आणि वह्यांबरोबर एक पातळ पुस्तक घेऊन गेल्या, कारण त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते: ‘काम करता करता वाचता येईल. मध्येच ठेवले तरी रुसत नाही.’ ते पुस्तक संपवायला त्यांना चार महिने लागले. मग त्या परत आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही लिहिलंत तसंच निघालं हो. खरंच रुसत नाही.”

त्यानंतर सहा वर्षांत गोदाक्कांनी चाळीसेक पुस्तके वाचली. त्या सावकाश वाचत आणि काहीही गाळत नसत. प्रस्तावना वाचत, अर्पणपत्रिका वाचत, छापखान्याचा पत्तादेखील वाचत. बुरांडेंनी एकदा हसून कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “छापलंय म्हणजे कुणीतरी वाचावं म्हणूनच छापलंय ना? मग अर्धं कशाला सोडायचं?”

बुरांडेंना हे उत्तर फार आवडले. ते त्यांनी अनेकांना सांगितले. स्वतःला मात्र सांगायचे राहून गेले.

झाले असे की, त्या वर्षी दिवाळीनंतर गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष मोहोळकर वकील यांनी एक घोषणा केली. बुरांडेंची हजारावी चिठ्ठी लिहून झाली की त्यांचा जाहीर सत्कार करायचा. दिवस ठरला संक्रांतीनंतरचा पहिला रविवार. त्या वेळी चिठ्ठ्या झाल्या होत्या नऊशे चाळीस. अडीच महिन्यांत साठ पुस्तके नीट वाचून होत नाहीत, हे बुरांडेंइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? हजार हा आकडा त्यांनी मागितलेला नव्हता. पण एकदा कानी पडल्यावर तो त्यांच्या मनातून जाईना.

बुरांडे पुस्तकाचा आरंभ आणि शेवट वाचू लागले. मधल्या भागावरून नुसती नजर फिरवू लागले, आणि पुढे पुढे तीही फिरवीनासे झाले. अशा पहिल्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर ‘पूर्ण वाचले’ लिहिताना त्यांचा हात बराच वेळ थांबला. दुसऱ्या वेळी थोडा थांबला. दहाव्या वेळी थांबलाच नाही.

याच दिवसांत गोदाक्कांच्या घरावर आपत्ती आली. त्यांचे यजमान शिदूअण्णा गिरणीचा पट्टा चढवत असताना त्यांचा उजवा हात त्यात सापडला आणि मनगटापासून गेला. जखम भरली, पण माणूस भरून आला नाही. गिरणीवर येणाऱ्या बायका “आता कसं व्हायचं हो अण्णांचं?” असे हळहळत, आणि ते त्यांच्या कानावर पडे. अण्णांनी गिरणीत पाऊल टाकणे सोडले. मागच्या खोलीत ते भिंतीकडे तोंड करून बसून राहत. गोदाक्का एकट्या गिरणी चालवू लागल्या.

दुपारी बारा ते तीन गावात वीज नसे आणि गिरणी बंद राही. त्या वेळात अण्णांना काही वाचून दाखवावे, असे गोदाक्कांच्या मनात आले. अण्णांना वाचनाची सवय नव्हती, पण गोष्ट ऐकायची आवड होती. गोदाक्का दुकानात आल्या आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, “भाऊ, या वेळी पुस्तक माझ्यासाठी नको, यांच्यासाठी हवंय. हसवणारं द्या. पण एक बघा. त्यात कुठं लुळ्या-थोट्या माणसाची कीव नको, आणि थट्टा तर अजिबात नको. तेवढं जपून द्या.”

बुरांडेंना मनापासून वाईट वाटले. त्यांनी लगेच एक पुस्तक काढून दिले. घोडागाडीतून गावोगाव फिरणाऱ्या एका भोळ्या वैद्याची ती विनोदी कादंबरी होती. पाने दोनशे दहा. बुरांडेंनी त्यांतली सुरुवातीची चाळीस आणि शेवटची वीस वाचली होती आणि ती वाचताना ते खरोखर हसले होते. चिठ्ठी आधीच लिहिलेली होती: ‘थकलेल्या माणसासाठी. यातले हसू कोणालाही बोचत नाही. पूर्ण वाचले.’

गोदाक्कांनी चिठ्ठी वाचली, पुस्तक पिशवीत ठेवले आणि म्हणाल्या, “तुम्ही वाचलंय ना, मग मला काळजी नाही.”

त्या क्षणी बुरांडेंना काहीतरी बोलायचे होते. इतक्यात दुसरे गिऱ्हाईक आले, आणि ते बोलणे राहून गेले.

पहिले चार दिवस उत्तम गेले. तिसऱ्या दिवशी शिदूअण्णांनी भिंतीकडचे तोंड वळवले. चौथ्या दिवशी वैद्याचा घोडा सावकाराच्या वरातीत शिरला, तेव्हा ते मोठ्याने हसले. गोदाक्कांनी पुस्तकाआड तोंड लपवले, कारण त्या हसण्याने त्यांना रडू आले होते. पाचव्या दिवशी बाराच्या आधीच अण्णा म्हणाले, “लाइट गेली का गं? मग बस की वाचायला.”

त्याच दिवशी पुस्तकातला वैद्य एका जत्रेत पोहोचला. तिथे एका हाताचा एक रखवालदार होता. त्याला पोत्याचे तोंड बांधायला सांगतात, त्याला ते जमत नाही, दाणे सांडतात आणि सारा बाजार पोट धरून हसतो, असा तो प्रसंग होता. पुढे काय येणार हे कळेपर्यंत गोदाक्कांनी चार वाक्ये वाचलेली होती. त्या थांबल्या.

“थांबलीस का?” अण्णा म्हणाले. “वाच की पुढं. बाजार हसला ना?”

“नको हे. दुसरं वाचू काहीतरी.”

“पुस्तकवाल्याला माझ्या हाताचं सांगितलं होतंस?”

गोदाक्कांना खोटे बोलता आले नाही. “होय,” त्या म्हणाल्या.

“मग त्यानं शोधून शोधून बरोबर दिलंय,” असे म्हणून अण्णांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी गिरणी बंद ठेवून गोदाक्का दुकानात आल्या. मोहोळकर वकील तिथे बसलेले होते. सत्काराची पत्रिका छापायला गेली होती, आणि हार कोणी घालायचा यावर त्यांचे बोलणे चालले होते. गोदाक्कांनी पुस्तक टेबलावर ठेवले आणि जत्रेचे पान उघडून दाखवले. बुरांडेंनी ते उभ्या उभ्या वाचले. त्यांचे कान गरम झाले.

“भाऊ, रागावू नका, एक विचारते,” गोदाक्का म्हणाल्या. “एवढी पुस्तकं तुम्ही वाचता. हे वाचून पुष्कळ दिवस झाले असतील. एखादं पान ध्यानातून जातं माणसाच्या. तसंच झालं ना?”

“तसंच झालं असणार, बाई,” मोहोळकरांनी मध्येच सांगून टाकले. “हजार पुस्तकं वाचणाऱ्याला प्रत्येक पान कसं आठवेल? आम्ही आमच्याच दाव्यांचे कागद विसरतो.”

सुटकेची वाट अशी दोन्ही बाजूंनी मोकळी झाली होती. गोदाक्कांना ती खरी असावी असे वाटत होते, वकिलांना ती सोयीची होती. बुरांडेंनी फक्त मान हलवायची होती, आणि मान हलवायला शब्दही लागत नाहीत.

बुरांडेंनी विचारले, “अण्णा काय म्हणतात?”

“काय म्हणणार? म्हणतात, गाव मला हसतंच होतं, आता पुस्तकवालाही हसला. दोन दिवस धड जेवले नाहीत. पुस्तक दिसलं की उठून जातात.”

तेव्हा बुरांडेंच्या लक्षात आले की ‘विसरलो’ हा शब्द त्यांना वाचवील, पण शिदूअण्णांना वाचवणार नाही. अण्णांना त्याचा अर्थ एवढाच लागेल की, या माणसाने हे वाचले होते, त्याला हे ठाऊक होते, आणि तरी आपला गेलेला हात त्याला आठवलासुद्धा नाही. ते हसणे तसेच उभे राहील.

“गोदाक्का,” बुरांडे म्हणाले, “मी विसरलो नाही. विसरायला आधी वाचावं लागतं. यातली मधली दीडशे पानं मी वाचलेलीच नाहीत.”

गोदाक्कांनी पुस्तकातली चिठ्ठी काढून पुढे धरली. “मग हे कुणी लिहिलं?”

“मीच.”

“बुरांडे!” मोहोळकर उठून उभे राहिले. “अहो, पत्रिका यंत्रावर चढलीय! हे आत्ताच बोलायला हवं होतं का?”

“वकीलसाहेब, यंत्र थांबवा. चिठ्ठ्या हजार झालेल्या नाहीत. खऱ्या किती आहेत ते मला आज सांगता येणार नाही. ज्यांच्याबद्दल मनात शंका आहे, त्या सगळ्या काढून टाकतो. सत्कार नको.”

“एका पुस्तकापायी?”

“एका नाही. तीसेक तरी असतील.”

मोहोळकरांनी छत्री उचलली आणि ते निघून गेले. पुढे महिनाभर त्यांनी दुकानाकडे पाहिले नाही. बुरांडेंना त्याचे दुःख झाले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. सत्कार त्यांना हवा होता.

गोदाक्का मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. खरे सांगितले म्हणून त्यांचा राग चुटकीसरशी गेला, असेही झाले नाही. “भाऊ,” त्या म्हणाल्या, “गिरणीत बायका डबा ठेवून जातात. मागं उभं राहून कुणी बघत नाही, की ही माझंच धान्य दळते का दुसऱ्याचं. मीसुद्धा तुमच्या सहीवर तसाच डबा ठेवून जात होते.”

“खरं आहे.”

“हे मला सांगून काय उपयोग? त्यांना येऊन सांगा. बाराला लाइट जाते.”

बुरांडे बाराला गेले. शिदूअण्णा भिंतीकडे तोंड करून बसले होते. बुरांडेंनी बसायला जागा मिळण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी उभ्यानेच सगळे सांगितले: सत्काराचा आकडा, मोह, चाळीस आणि वीस पाने, खोटी सही. कोणतेही कारण त्यांनी मऊ करून सांगितले नाही.

अण्णा भिंतीशीच बोलल्यासारखे म्हणाले, “म्हणजे तुम्ही हसला नव्हता.”

“नाही. मला हे पान आहे हेच माहीत नव्हतं.”

“नुसतेच आळशी निघालात.”

“होय.”

अण्णांनी मान वळवून पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिले. “अहो, वर चार मुठी पीठ आणि खाली अख्खा गहू, असा डबा मी कुणाला दिला असता, तर बायकांनी गिरणी डोक्यावर घेतली असती! आणि तुम्ही वर सही करता?”

“करत होतो.”

“आता पुढं काय होतं त्या रखवालदाराचं, ते तरी ठाऊक आहे का?”

“नाही.”

“मग बसा. वाचा. मोठ्यानं वाचा, मलाही ऐकू दे.”

गोदाक्का म्हणाल्या, “अहो, कशाला?” पण अण्णांनी डाव्या हाताने त्यांना गप्प केले.

बुरांडेंनी वाचायला सुरुवात केली. एकट्याने वाचली असती तर ती पाने त्यांनी कदाचित हसून उलटली असती. त्या खोलीत, त्या माणसासमोर, त्यांना प्रत्येक वाक्य जड जात होते. दोनदा ते वाक्याच्या मध्येच थांबले. “अडखळू नका, छापलंय तेवढं वाचा,” अण्णा म्हणाले. पोत्याची दोरी रखवालदाराच्या हातून तिसऱ्यांदा सुटली, दाणे सांडले, बाजार हसला, आणि तेवढ्यात अण्णा ओरडले, “थांबा! हे खोटं आहे.”

“काय खोटं आहे?”

“एका हातानं पोतं बांधता येत नाही म्हणे! या लेखकानं जन्मात कधी पोतं बांधलंय का? माणसाला दात कशाला दिलेत? गुडघे कशाला दिलेत?”

“मग तुम्ही बांधून दाखवा,” गोदाक्का म्हणाल्या. तोंडून शब्द गेल्यावर त्या घाबरल्या.

पण अण्णा उठले होते. ते तरातरा गिरणीत गेले. कित्येक आठवड्यांत त्यांनी तो उंबरा ओलांडला नव्हता. पिठाचे एक पोते त्यांनी दोन्ही गुडघ्यांत धरले, डाव्या मुठीने त्याचे तोंड आवळले, सुतळीचे एक टोक दातांत पकडले आणि दुसरे टोक फिरवू लागले. पहिली गाठ निसटली आणि थोडे पीठ सांडले. कोणी हसले नाही. “सवय नाही अजून,” असे पुटपुटत त्यांनी पुन्हा सुतळी दातांत धरली. या वेळी गाठ बसली.

“लिहा तुमच्या चिठ्ठीवर,” धापा टाकत अण्णा म्हणाले. “पान अमुक अमुक, इथं लेखकाला काही माहीत नाही.”

आता गोदाक्का हसल्या, मग अण्णा हसले, आणि सगळ्यांत शेवटी बुरांडे. बुरांडेंच्या चुकीमुळेच अण्णा गिरणीत आले, असे पुढे गावात काही जण म्हणू लागले. ते चुकीचे आहे. चुकीने त्यांना भिंतीकडे वळवले होते. तिथून त्यांना उठवले ते खऱ्या बोलण्याने, आणि त्यांच्या स्वतःच्या रागाने.

पुढचे दहा दिवस बुरांडे रोज दुपारी बाराला भोईट्यांकडे जाऊन उरलेली पाने मोठ्याने वाचत. अण्णा प्रत्येक प्रसंग पारखून घेत. “हे बरं लिहिलंय,” ते म्हणत, किंवा, “हा वैद्य गुळवेल म्हणून भलताच वेल देतोय.” पंचवीस वर्षे पुस्तके विकणाऱ्या बुरांडेंना तोवर वाटत आले होते की, वाचायला शिकवतो तो आपण, आणि शिकतात ती गिऱ्हाइके. त्या दहा दुपारी त्यांनी हा समज सोडला.

संशयाच्या चिठ्ठ्या छत्तीस निघाल्या. दुकानात होत्या त्या त्यांनी फाडल्या, आणि ज्या पुस्तकांबरोबर विकल्या गेल्या होत्या त्यांच्या मालकांना स्वतः जाऊन सांगितले. कंपाउंडर रागावला. शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, “तरीच म्हटलं, या वेळी भाऊंचं माप का चुकलं!” त्यानंतर जे पुस्तक अर्धेच वाचून झालेले असे, त्यावर बुरांडे ‘येथवर वाचले’ असे लिहून पानाचा आकडा घालू लागले. लोक सुरुवातीला टोमणे मारत: “काय भाऊ, आज कुठवर पोचलात?” काही दिवसांनी त्यांनाच त्या आकड्याचा आधार वाटू लागला.

पुस्तक ज्या दिवशी संपले, त्या दिवशी बुरांडे निरोप घ्यायला उठले, पण पायरीशीच घोटाळले. त्यांनी हात जोडले. “गोदाक्का, तुम्ही ओळ न् ओळ वाचता म्हणून माझं खोटं उघडं पडलं. नाहीतर मी असाच सह्या करत म्हातारा झालो असतो. आणि अण्णा, तुम्ही मला बसवून घेतलंत. हाकललं असतंत तरी चाललं असतं. हे तुम्हा दोघांचे उपकार आहेत. ते मी फेडू शकणार नाही, पण विसरणारही नाही.”

अण्णांना अशा बोलण्याची सवय नव्हती. त्यांनी विषय बदलला. “पुढचं पुस्तक कधी आणताय?”

“एक मनात आहे. पण माझं अजून वाचून व्हायचंय. आठ-दहा दिवस लागतील.”

“लागू द्या,” गोदाक्का म्हणाल्या. “तुम्ही वाचून घ्या. आम्ही थांबतो.”

वीज आली होती. अण्णा पट्ट्यापासून जरा दूर, पोत्यांपाशी जाऊन बसले, आणि गोदाक्कांनी पहिला डबा उचलून गिरणी सुरू केली.

तात्पर्य: स्वतः जेवढे पाहिले-वाचले, तेवढ्याचीच ग्वाही दुसऱ्याला द्यावी, आणि आपली चूक जो दाखवून देतो, त्याच्यापुढे सबब सांगण्याऐवजी त्याचे ऋण मानावे.